साळूबाईंची शेवंती

आमच्या उंब्रजला थंडी पडली की साळूबाईंच्या अंगणाकडे मान वळवल्याशिवाय कुणी पुढे जात नसे. पिवळी-पांढरी शेवंती, मागे डेलिया, कुंपणाला झेंडू. त्यांचे मालक लालासाहेब फौजेत चोवीस वर्षं काढलेले. त्यांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही.

आषाढात साळूबाईंनी अंथरूण धरलं. तेव्हा नवऱ्याला त्यांनी एवढंच सांगितलं, "दर पंधरा दिसांनी शेवंतीचं शेंडं खुडत जावा. फुटवं वाढत्यात, फुलं लय येत्यात." गणपतीच्या आठ दिवस आधी त्या गेल्या.

लालासाहेब रडले नाहीत, दहाव्यालाही नाही. माणूस दगड आहे, असं लोक म्हणाले. मीही म्हणालो, खोटं कशाला बोलू. सून अंकिता फोटोसाठी हार आणायला निघाली, तर म्हणाले, "इकतचा नगो. तिची शेवंती फुलू दे." फोटो उघडाच राहिला.

मग एकाआड एक रविवारी सकाळी सातला हे गृहस्थ वाफ्यात. शेंडा धरायचा, नखाने खुडायचा, पुढचं झाड. चेहऱ्यावर काही नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. इतक्या उशिरा खुडत नाहीत, हे शेजारी राहून मला ठाऊक होतं. पण मागे एकदा खताचं सांगायला गेलो, तर "तुमचं तुमी बघा" म्हणाले होते. तो राग धरून मी गप्प बसलो. त्याची आज लाज वाटते.

मार्गशीर्षात गावभर शेवंती फुलली. साळूबाईंचे वाफे मात्र नुसतेच हिरवेगार. पुण्याहून आलेल्या अंकिताने सासऱ्यांना वाफ्यात पाहिलं आणि ती थबकली.

"मामा, अजून खुडताय? गौरी बसल्या की आत्ती शेंड्याला हात लावायच्या नाहीत. कळ्या तिथंच येतात."

लालासाहेबांच्या चिमटीत शेंडा होता, त्यावर मोहरीएवढ्या कळ्या.

"मला थांब म्हणून कुणी सांगितलंच न्हाई," ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी, रविवारी सातला ते पुन्हा वाफ्याशी आले. हात मागे बांधून नुसते उभे राहिले. ऊन चढलं तरी हलेनात. शेवटी मी कुंपणाशी गेलो.

"तात्या, बास आता. चला, च्या घिऊ."

सांगितल्यावर ते हलले.