गिटारवाल्याचं पुस्तक

उशिरा लिहितोय, माफ करा मंडळी. दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

आज मंडईजवळ आपल्या लाडक्या रॉक गायकाच्या चाहत्यांची बैठक होती. त्यानं लिहिलेलं पुस्तक मी वर्तमानपत्राचं कव्हर घालून नेलं. ते बघून एक मुलगी म्हणाली, "आजोबा, भजन शेजारच्या हॉलमध्ये आहे."

पुस्तक आपल्या गायकाचंच आहे म्हटल्यावर बाकीचे हसले. "त्यानं फक्त गावं. पुस्तकं कोण वाचतं?"

मी उभा राहिलो. "मी वाचतो. सातवी नापास आहे, तरी वाचतो. स्वतःच्या वडिलांच्या आजारपणाबद्दल त्यानं लिहिलेलं वाचलं, तेव्हा कुठे त्याचं गाण्यातलं ते ओरडणं मला कळलं."

आता ॲडमिन म्हणतात, आपल्या या चाहत्यांच्या ग्रुपवर पुस्तकाचा विषय बंद.

मी बंद करणार नाही. मला काढणार असाल तर काढा. पण ते पुस्तक आणखी कोणी वाचलं असेल, तर मला काढायच्या आत कळवा.