नेटवर जात दिसत नाही म्हणे

"अगं, तुझा फोटो आलाय बघ."

वोनहाइमचं, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहाचं, सामायिक स्वयंपाकघर. शनिवारची दुपार. मी कांदा चिरत होते. टेबलावर मानसीचा लॅपटॉप, भोवती चार-पाच मराठी मुलंमुली. हसत होती. मी हात पुसत गेले. काहीतरी गमतीचं असेल म्हणून मीही हसतच गेले.

फोटो माझाच. आदल्या रविवारी आम्ही नदीकाठच्या बागेत जमलो होतो. जवळच्या येना शहरातूनही काहीजण आले होते. मी मसालेभात केला होता. फोटोत मी पातेल्यावर वाकून वाढतेय. खाली कोणीतरी लिहिलेलं, "हिच्या हातचं खाल्लं आपण?" त्याखाली दुसरा. "चालतं रे, जर्मनीत आहोत. घरी गेल्यावर गोमूत्र." त्याखाली तिसरा. "मार्क नसले तरी वाढपाचं काम जमतं." मग दात काढलेले पिवळे चेहरे. एकाखाली एक.

लिहिणाऱ्यांची नावं खोटी. टोपणनावं सगळी. खरं नाव फक्त माझं, फोटोवर.

हसणं थांबलं. एकजण म्हणाला, "मनावर घेऊ नकोस गं. नेटवर लोक काहीही लिहितात."

मी परत जाऊन कांदा चिरला. डोळ्यांना पाणी यायला कारण होतं, ते बरं झालं.

दोन हजार सहा-सात साल असेल. पूर्व जर्मनीतलं एक लहान विद्यापीठाचं गाव. नाव सांगत नाही. परदेशातल्या मराठी विद्यार्थ्यांचा नेटवर एक ग्रुप होता. खोली कुठे मिळेल, तूरडाळ कुठे मिळते, व्हिसा वाढवायला काय काय लागतं, सगळं तिथेच कळायचं. त्याच्याशिवाय नव्या माणसाचं पान हलत नव्हतं. म्हणून मीही त्यात.

मी समाजशास्त्रात पीएचडी करायला आले होते. विषय, नवी माध्यमं आणि समाज. आमची वस्ती नांदेडकडे, गावाच्या ओढ्यापलीकडे. गावात आधी आमची वस्ती दिसायची, बापाचं काम दिसायचं. मग कोणी ऐकलं तर आमचा शब्द. कॉलेजात पहिल्यांदा नेटवर बसले आणि वाटलं, इथे शब्द आधी. माणूस नंतर. त्याच आनंदावर प्रबंध लिहायचा होता मला. खुळी.

आडनाव आमचं गावावरून पडलेलं. त्यातून काही कळत नाही. जात मी जर्मनीतल्या त्या गावात एकीलाच सांगितली होती. मानसीला. पुण्याची, शेजारच्या खोलीतली. मी तापाने फणफणले तेव्हा उशाशी बसून राहिलेली.

संध्याकाळी तिला विचारलं, "कुणाला बोललीस?"

"अगं, सहज विषय निघाला. अभिजितदादाशी. ते असं नेटवर जाईल हे मला काय माहीत?"

ती रडली. मी रडले नाही. पुढे ती मी नसतानाच स्वयंपाकघरात येऊ लागली.

अभिजित म्हणजे ग्रुप चालवणारा. माझ्याच विभागात, मला सीनियर. नव्या पोरांना स्टेशनवर घ्यायला जाणारा. मलाही तोच घ्यायला आला होता. माझी बॅग उचलली होती त्याने. सगळे दादा म्हणायचे. मीही.

मी ग्रुपवर उत्तर टाकलं. माझ्या नावाने. "होय, मी बौद्ध आहे. भात तुम्ही मागून मागून घेतलात. टोपणनावं काढा आणि समोर या."

थोड्या वेळाने पाहिलं तर उत्तर गायब. जागी सूचना. "इथे जातीयवाद चालणार नाही. वातावरण बिघडवू नये." फोटोखालचं मात्र जसंच्या तसं.

अभिजितला फोन केला. तो शांतपणे समजावत म्हणाला, "त्यांनी जातीचं नाव कुठे घेतलंय? तू घेतलंस."

मी फोन ठेवला. शब्दशः त्याचं वाक्य चुकीचं नव्हतं. तेच तर.

रविवारी आईला फोन केला. आवाजावरून ओळखलं तिने. सांगावं लागलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिकडं बी हाय का ते?" मी फोन ठेवला. फोन कटला असं तिला वाटू दिलं.

प्रबंध मी नव्याने मांडला. नेट जात पुसत नाही. वरच्याला मुखवटा देतं, खालच्याचा फोटो लावतं. गावात ओढा होता. इथे एक माणूस बसतो, कुणाचं ठेवायचं आणि कुणाचं पुसायचं ते ठरवत. हे लिहिलं आणि सेमिनारमध्ये वाचलं. फोटोखालच्या त्या ओळी जर्मनमध्ये करून भिंतीवर दाखवल्या. 'गोमूत्र' समजावताना जीभ अडखळली.

जर्मनीत गाईड बाई असली तर तिला डॉक्टरमुटर म्हणतात. डॉक्टर-आई. माझी बाई मायाळू होती. पहिल्या हिवाळ्यात स्वतःचा जाड कोट दिला होता तिने मला. तिने सगळं ऐकलं. मग माझ्याकडे न बघता मागच्या रांगेत बसलेल्या अभिजितला विचारलं, "तुम्हीही तिथलेच. हे खरंच असं आहे?"

तो उठला. सावकाश बोलला. "जुन्या काळी होतं. खेड्यांत असेल थोडंफार. शिकलेल्यांत नाही. आणि नेटवर तर कुणाची जात दिसतच नाही. ती जरा हळवी आहे."

"आल्झो, असं तर," बाई म्हणाली. आणि लिहून घेतलं. त्याचं.

मी म्हणाले, "त्याला विचारू नका. पुसणारा तोच आहे. मला विचारा."

कोणी काही विचारलं नाही. खुर्च्या सरकल्या. कॉफीची वेळ झाली होती.

नंतर बाईने खोलीत बोलावलं. दार लावलं. "प्रबंधातलं हे प्रकरण काढून टाका," ती म्हणाली. "अनुभव तुमचा आहे, मला वाईट वाटतं. पण शास्त्राला अंतर लागतं."

"अभिजितला अंतर आहे?"

"त्यांचं बोलणं संतुलित होतं."

"जिला लागलं तिचं बोलणं संतुलित नसतंच, बाई. मी प्रकरण काढणार नाही."

शिष्यवृत्ती वाढवायला तिची शिफारस लागत होती. ती आली नाही. पदवी अर्धवट राहिली. मी परत आले. अभिजित तिथेच प्राध्यापक झाला. नव्या माध्यमांतल्या लोकशाहीवर व्याख्यानं देतो म्हणे.

ग्रुप ज्या साइटवर होता ती पुढे बंद पडली. मला वेड्यासारखा आनंद झाला. तो टिकला नाही. दुसरी आली, तिसरी आली. आता प्रत्येकाच्या खिशात आहे. टोपणनावांचीही गरज उरलेली नाही. लोक स्वतःच्या नावाने, बायकापोरांच्या फोटोशेजारी तेच लिहितात. मी ज्यांना शिकवते त्या पोरींना रोज कुणीतरी सांगतं, मनावर घेऊ नकोस. हे सुधारेल असं मला वाटत नाही. तसं मी त्यांना सांगतही नाही.

एवढंच सांगते. आपलं दुखणं खरं आहे का, हे मारणाऱ्याला विचारून ठरवणाऱ्या खोलीत बसायचं नाही. उठायचं. पण उठण्याआधी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पुसणाऱ्याचं नाव घ्यायचं.

मी घेते. रोज घेते. आता थांबणार नाही.