बाबांच्या फोटोला झेंडूची चौकट

माझे बाबा मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी वारले आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. ते त्या वेळी आंघोळ करत होते.

मी देऊळगाव राजाला शाळेत शिकवते. बाबाही मास्तर होते, आता दुसरबीडला राहतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराची रस्त्याकडची खोली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या गावातल्या मुलींना दिली. मुली जमिनीवर बसून, पाठी मोडून वाचायच्या. खोली बाबा आणि त्यांचे धाकटे भाऊ प्रभाकरकाका अशा दोघांच्या नावावर होती आणि काकांना तिथे खत-बियाण्यांचं दुकान टाकायचं होतं. अक्षय्य तृतीयेपर्यंत खुर्च्या आल्या तर खोली पोरींची, नाही तर आपली, असं काका म्हणाले. बाबांनी ताठ्यात "हाव" म्हटलं.

गावात मागून झालं. सगळे "पाहू" म्हणाले. (आमच्याकडे 'पाहू' म्हणजे 'नाही', फक्त चहा पिऊन.) मग मी बुलढाण्याला जाऊन ऑनलाइन मदत कशी मिळवावी याचं एका दिवसाचं प्रशिक्षण घेतलं. जेवण उत्तम होतं. तिथल्या तज्ज्ञाने सांगितलं: चेहरा दाखवा, शब्द कमी करा, भावनेला हात घाला.

मी तिन्ही गोष्टी केल्या! बाबांचा गंभीर फोटो शोधला. (चहाला उशीर झाला होता, म्हणून गंभीर.) मोबाइलमधली फुकटातली सगळ्यात सुंदर चौकट त्याला लावली: कडेने झेंडू, खाली दोन समया. शब्द कमी करत करत एवढेच उरले, "बाबांचं स्वप्न आपण पूर्ण करू या." शेवटी जोडलेले हात. खुर्च्यांची सगळी माहिती खालच्या लिंकमध्ये होती, ती उघडायची तसदी कोणीही घेतली नाही. शनिवारी संध्याकाळी दुसरबीडला बाबांकडे आल्यावर मी हे नातेवाइकांच्या आणि बाबांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलं आणि फोन चार्जिंगला लावला.

सकाळी पाहते तर 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागलेली! मी खुलासा लिहायला घेते तोच दारात जीप थांबली. आत्या पिठलं-भाकरीचा डबा घेऊन उतरली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोयरे डबा आणतात. तिच्यामागून विद्यार्थी हार घेऊन आले. मी घाईघाईने सांगितलं की बाबा आत आहेत, तर सगळ्यांनी चपला काढल्या आणि मान खाली घालून आत शिरले.

सगळ्यात जास्त रडले ते काका. खरंच रडले, ते मान्य करायला हवं. मग त्यांनी डोळे पुसले आणि मला बाजूला घेतलं.

"बाई, जाणारा गेला. आता त्या खोलीची किल्ली कोनापाशी हाय?"

"माह्यापाशी," न्हाणीच्या दारातून बाबा म्हणाले. कमरेला पंचा, केस ओले. आत्याच्या हातातून डबा निसटला आणि काका भिंतीला टेकले.

मी शरमेने तो फोटो काढून टाकायला लागले, तर बाबांनी फोनच हिसकावला.

"राहू दे तो. पोरींसाठी मांगलं तं कोनी उठलं नाही. मेलो तं जीप करून आले. आता हार वापस न्या अन् खुर्ची घेऊन या."

मेलेल्या माणसाचा शब्द मोडू नये म्हणतात. तो समोर पंचा नेसून उभा असेल तर मोडणं अधिकच अवघड जातं. दिवसभर खुर्च्या येत राहिल्या: प्लास्टिकच्या, लोखंडी, एक तर सलूनमधली गोल फिरणारी. (तिच्यावर बसायला मुलींमध्ये अजून भांडणं होतात.) शेवटची खुर्ची काकांनी आणली. बाबांनी त्यांना तिच्यावर बसवून चहा पाजला, पण किल्ली कमरेलाच ठेवली.

जिवंत माणसाला फुलं वाहिली म्हणून निम्मे नातेवाईक माझ्यावर अजून रागावलेले आहेत. मी माफी मागितली नाही, मागणारही नाही. त्या खोलीत मुली ताठ बसून वाचतात, तेवढं मला पुरे आहे.

यंदा खोलीत पंखे हवे होते. बाबा म्हणाले, "मी एकडाव मेलो. आता तुहा नंबर." मीही हट्टाला पेटले. माझा सगळ्यात चांगला फोटो, तोच झेंडू, त्याच समया, तेच जोडलेले हात. सगळ्या ग्रुपवर टाकला आणि नवी साडी नेसून दारात जीपची वाट पाहत बसले.

कोणीही फिरकलं नाही. संध्याकाळी फोटोखाली एकच उत्तर आलं: काकांनी वर केलेला अंगठा.