चार कॉम्प्युटर आणि घरची वाटणी

जळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी शेवटच्या वर्षाला होतो. सर्किट प्रत्यक्ष जोडण्याआधी त्याच्या प्रत्येक सांध्यावर किती व्होल्टेज येईल, हे कॉम्प्युटरवर काढता येई. पण मोठ्या सर्किटला एक कॉम्प्युटर तासन्‌तास घेई. मी सर्किटचे चार भाग केले, लॅबमधले चार कॉम्प्युटर केबलने जोडले आणि सगळ्यांना सांगत सुटलो, की आता काम झटपट होणार. नोकरी देणारे पुण्याचे साहेब कॉलेजच्या प्रदर्शनाला येणार म्हणून आबांना, म्हणजे वडिलांना, पारोळ्याहून मुद्दाम बोलावून घेतलं.

साहेबांसमोर चार कॉम्प्युटर चालू केले. शेजारी तेच सर्किट एकट्या कॉम्प्युटरला दिलं होतं. त्या एकट्याचं उत्तर आलं, साहेबांचा चहा संपला, तरी माझे चौघे एकमेकांची वाट बघत बसलेले.

भाग कसे पाडले, असं साहेबांनी विचारलं. मी कागद उलगडला. आमच्याकडे चार भावांत जमिनीची वाटणी होते तेव्हा काळ्या रानाचे चार तुकडे, मुरमाडाचे चार, विहिरीजवळच्या वावराचेही चार. चांगलं-वाईट सगळ्यांच्या वाट्याला सारखं. मी सर्किट तसंच कापलं होतं. जड भागाचे चार, हलक्याचे चार. त्यामुळे सर्किटच्या तारा जागोजाग तुटल्या होत्या आणि तुटल्या तारेच्या पलीकडचा आकडा दुसऱ्या कॉम्प्युटरकडून केबलवरून आल्याशिवाय एकाचंही पाऊल पुढे पडत नव्हतं. इतकी साधी गोष्ट मला तिथे उभा असताना कळली.

"अशी वाटणी कोणी शिकवली तुला?" साहेब हसत म्हणाले.

मागच्या बाकावरून आबा उठले. "ती आमना घरनी रीत शे, साहेब. कोन्हावर अन्याव व्हत नई."

लॅबभर हशा पिकला. आबांना वाटलं, कौतुकच चाललंय. टोपी सारखी करून तेही मनापासून हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. नोकरी गेली हे तर दिसतच होतं.

परतीच्या बसमध्ये आबा खुशीत होते. शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "मना पोऱ्यानी घरनी रीत कॉम्प्युटरले शिकाडी."

तो माणूस कौतुकाने माझ्याकडे बघायला लागला. मी तोंड खिडकीकडे वळवलं. मला आबांची लाज वाटत होती, आणि ती वाटते याची त्याहून जास्त. पारोळा येईपर्यंत आबांनी ती गोष्ट कंडक्टरलाही सांगितली.