शिकंज्यातली रायफल

माझ्या धाकट्या भावाला नेमबाजीच्या क्लबात सगळे ‘मिलिमीटर’ म्हणतात आणि त्याला ती पदवी वाटते. उभ्या आयुष्यात त्याने कधी धड नेम धरला नाही. नाचता येईना अंगण वाकडं, तशी चुकलेली प्रत्येक गोळी याने काडतुसाच्या माथी मारली. शेवटी रायफल मुलीच्या हाती दिली आणि आपण काडतुसांचा पंडित होऊन बसला.

पांडित्य कसलं, तर प्रतवारीचं. सरावाची काडतुसं, सामन्याची, आणि त्याहून वरची, ज्यांच्या डब्याला हा हात धुतल्याशिवाय शिवत नाही. “ही कंपनी पाच गोळ्यांचा ग्रुप मोजते, ती दहांचा. मग दोन्ही आकडे शेजारी मांडायचे तरी कसे?” असं तो जेवता जेवता विचारतो. भावजय म्हणते, “भाजी वाढू?”

एक मात्र खरं, एकाच प्रतीच्या काडतुसांतही प्रत्येक लॉट निराळा निघतो, आणि कुठल्या रायफलीला कुठला मानवेल ते मारून बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून रायफल लोखंडी शिकंज्यात आवळायची, समोरच्या कागदावर गोळ्या मारायच्या आणि भोकांचा तो ग्रुप किती मिलिमीटर फाकला ते मोजायचं. माणसाचा हात मध्ये नको. माझ्या भावाला हेच फार आवडलं.

यंदा पोरीचं ज्युनिअर गटातलं शेवटचं वर्ष. संघात यायचं तर ही निवड चाचणी शेवटची. सुदैवाने एक लॉट असा सापडला की दहा गोळ्या एकाच भोकातून गेल्या. दुकानदाराकडे त्यातले उरलेले डबे याने सगळे उचलले. मीसुद्धा जन्मात पहिल्यांदा त्याला शाबासकी दिली. ती आता परत घ्यावीशी वाटते.

कारण याची खात्री काही होईना. “ताई, काल गारठा होता, ग्रुप जरा फाकला. पुन्हा बघायला हवं.” मग वाऱ्यात बघितलं. नळी साफ करून बघितलं, न करता बघितलं. पोर बिचारी सरावाच्या काडतुसांवर घाम गाळत होती. म्हणाली, “बाबा, त्यातली थोडी मला मारू द्या ना, हाताला सवय होईल.”

“ती वाया घालवायची नाहीत,” हा म्हणाला आणि शिकंज्याकडे वळला.

चाचणीच्या दिवशी पिशवीत मोजून सामन्यापुरती काडतुसं निघाली, बाकीची शिकंज्यात उडाली होती. सामन्याआधी नेम जुळवायला चार गोळ्या माराव्या लागतात, हे या पंडिताच्या डोक्यातच नव्हतं. शिकंज्याला कुठे नेम जुळवावा लागतो! शेवटच्या फेरीत चांगली काडतुसं संपली आणि पोरीला सरावाची भरावी लागली. त्यांच्या गोळ्या नेमाच्या खाली बसू लागल्या. नेम पुन्हा जुळवेपर्यंत गुण गेले आणि थोडक्यासाठी संघही गेला. चारचौघं नसते तर मी त्याच्या कानाखाली आवाज काढला असता.

त्याने काय करावं? तो एका भोकाचा कागद काचेच्या चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत टांगला. शेजारच्या काकू कौतुकाने म्हणाल्या, “अगंबाई, लेकीने मारलं का हे?”

“छे हो! तिच्या हाताने असं कुठे होतंय?”

पोर दारातच उभी होती. दुसऱ्या दिवशी मी गेले तर मागच्या खोलीत ती रायफल शिकंज्यात आवळत होती. हात पुसून तिने बापाला बोलावलं. “बाबा, पुढच्या वर्षी यालाच पाठवा. मी नाही येणार आता.” आणि माझ्या अंगावरून बाहेर निघून गेली.

मी भावाकडे बघितलं. आता तरी हा पोरीच्या मागे धावेल, असं मला वाटलं.

तो खाली वाकला आणि शिकंजा नीट आवळलाय का, ते बघू लागला.