हॉलमधल्या कुरडया

जालना जिल्ह्यात घरं बांधणारे पुष्कळ असतील, पण तोंडातून एक वावगा शब्द न काढता उभ्या घराचा पाणउतारा करणारा माणूस एकच, तो म्हणजे आमच्या हिचे मामा. मामा धावड्याचे, धंद्यानं गवंडी. कुणाच्या बांधकामाला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही. ते फक्त करून दाखवायचे. एका कंत्राटदारानं मोठ्या अभिमानानं त्यांना आपली नवी गच्ची दाखवली, तर मामांनी हातातला निवलेला चहा कपबशीसकट कठड्यावर ठेवला, घटकाभर पिकापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग तोच चहा फुंकर घालत घालत प्यायले. कंत्राटदार खाली उतरेपर्यंत घामाघूम झाला होता, आणि तो काही निव्वळ उन्हानं नाही.

उन्हाशी मामांचा रोजचा व्यवहार. त्यांच्या उमेदवारीच्या काळात म्हणे आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, दिवसभर थापी चालायची. नव्वद सालानंतर मात्र होळी पेटली की थापीची मूठ चटके द्यायला लागली. मग मामांनी आपलं घड्याळच बदललं. तांबडं फुटायच्या आत माल कालवायचा, दहाला काम बंद, सगळ्या गड्यांनी लिंबाखाली सक्तीनं झोपायचं, आणि चारला पुन्हा सुरू. मालक कुरकुरले की मामा शांतपणे म्हणत, "मालक, शिमिटाला बी ऊन लागतं. जल्दी जल्दी वाळलं की तडकतं, माणसावानी." ओल्या स्लॅबवर ते भिजकी गोणपाटं पसरत, आणि ती इतक्या मायेनं नीट करत, की अंगाई तेवढी म्हणायची राहते असं वाटावं.

आता माझी कर्तबगारी. मी डिप्लोमावाला इंजिनियर. जालन्यात स्वतःचं घर बांधलं तेव्हा पुण्यातल्या एका बंगल्याचा फोटो उशाशी घेऊन झोपत होतो. त्याच्यावरून हॉलला पश्चिमेकडे आठ फुटी काच बसवली, न उघडणारी, बसल्या जागी सूर्यास्त दिसावा म्हणून. सूर्यास्त दिसला, पण त्याआधी दुपारभर सूर्य घरातच मुक्कामाला. चार महिन्यांची आमची पोर घामोळ्यांनी लालबुंद. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हिनं बॅग भरली. "घर गार झालं की निरोप धाडा. तवर पोरगी हितं येनार न्हाई, आन् मी बी." मी पंखे वाढवले. त्यांनी गरम वारा घरभर सारखा वाटला, एवढंच.

शेवटी नाक मुठीत धरून मामांना बोलावलं. ते आले, हॉलमध्ये उभे राहिले, काचेकडे बघून म्हणाले, "उजेड बाकी बराबर हाये," आणि चहा पिऊन, घराची किल्ली मागून घेऊन बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामावरून येतो तर दारात बायकांच्या चपला. आत चार शेजारणी, आणि माझ्या नव्या फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत साड्या अंथरून त्यावर कुरडया. पाय ठेवायला जागा नाही.

"साहेब, तिकडून या, तिकडून!" एक जण ओरडली. "मामा म्हनले, हितं धूळ न्हाई, कावळा न्हाई. एका दिवसात खडखडीत!"

मामा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून कुरडयांचा गरम चीक खात होते.

"मामा, हे काय?"

"वाळवणाचं घर झ्याक बांधलंय तुमी, जावई. आता राह्याचं बी एक बांधू."

त्यानंतर मामांनी घर ताब्यात घेतलं. काच काढून तिथं विटांची जाळी आली. मग कुंभाराकडची टाकाऊ मडकी गाडीभर दारात उतरली, तेव्हा गल्लीतल्यांनी लग्न कुणाचं म्हणून विचारलं. आतल्या हवेनं ऊन वरच अडावं म्हणून गच्चीवर ती उपडी मांडून, फटींत विटांचे तुकडे आणि चुना भरून, वर पांढऱ्या फुटक्या फरश्या. एवढं वजन पेलेल का, म्हणून मी तीन दिवस आकडेमोड केली. मग कबूल करावं लागलं, की पहिलंच घर म्हणून घाबरून मी स्लॅबमध्ये दुप्पट सळई घातली होती. मामा खूश झाले. "भित्र्या मानसाचा स्लॅब लई चांगला. वर काय बी ठेवा!"

ऐन मे महिन्यात दुपारी ही पोरीला घेऊन आली. उंबऱ्याबाहेरच उभी. मामांनी पोरीला घेतलं आणि हॉलमध्ये जमिनीवर गोधडीवर ठेवलं. आम्ही तिघं श्वास रोखून बघत होतो. पोरीनं दोनदा हातपाय झाडले, जांभई दिली आणि झोपली. हिनं बॅग आत आणली.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. पोर दहावीला गेली, तिला अभ्यासाला वर एक खोली बांधायची ठरलं. मी कोरा कागद टेबलावर पसरला आणि मामांना म्हटलं, "सांगा, खिडकी कुठं?"

मामा गच्चीवर जाऊन आले. 

"जावई, मी ज्या उन्हावर शिकलो, ते ऊन आता राह्यलंच न्हाई. वारं बी भलतीकडून येऊन राह्यलं. मंग माझा अंदाज चुकतो." आणि मग, जरा लाजत, "तुमच्या बुकात काय लिव्हलंय त्याच्यावर?"

माझ्या पुस्तकात त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.  मी खुर्ची सरकवून त्यांना शेजारी जागा केली, आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली.