बोल्ट नसलेली रायफल

निवडणुकीची आचारसंहिता लागल्याची बातमी वाचली की ती रायफल माझ्या डोळ्यांपुढे येते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी येते.

तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना आपली शस्त्रं ठाण्यात जमा करावी लागतात. बागायतदार गाडीतून उतरतात, रिव्हॉल्वर टेबलावर ठेवतात आणि पावती तयार होईपर्यंत आपल्या जिवाला किती धोका आहे ते सांगत बसतात. आमचे हवालदार म्हणायचे, ज्याला खरा धोका असतो तो कधी बोलत नाही.

या रिव्हॉल्वरांमध्ये एक शस्त्र वेगळं असायचं. गव्यासारख्या मोठ्या जनावरासाठी बनवलेली जुनी विलायती रायफल. वालचंदनगरच्या रस्त्याला मळा असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या वडिलांनी ती घेतली होती. शिकारबंदीचा कायदा आल्यापासून तिच्यातून गोळी सुटली नव्हती. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती पूजेसाठी बाहेर निघायची. मालकाची बायको तिला हळदकुंकू लावायची. दस्त्याच्या लाकडावर त्या हळदीचा पिवळा डाग कायमचा बसला होता. मालकाला सगळे तात्या म्हणत. दर निवडणुकीला ते रायफल लहान मुलासारखी कडेवर घेऊन यायचे आणि हवालदारांना बजावायचे, "भिताडाला लावून ठिवू नगा. ओल धरतीया."

त्या वर्षी संक्रांतीनंतर त्यांची बायको वारली. आचारसंहिता लागल्यावर तात्या आले ते न बोलता. हवालदारांनी कॅनव्हासची पिशवी उघडली, नंबर जुळवला आणि मला हाक मारली. रायफलीला बोल्ट नव्हता. बोल्ट म्हणजे मागच्या बाजूचा लोखंडी दांडा. तो मागे ओढून गोळी भरायची आणि पुढे ढकलून नळी बंद करायची. तो काढला की लाकडात बसवलेली नुसती नळी उरते.

"तात्या, बोल्ट कुठं आहे?"

"मला म्हाईत न्हाय. पिशवी उघडलीच न्हाय म्या."

मोठ्या रायफलीचा मुख्य भाग गहाळ आणि निवडणूक तोंडावर. स्टेशन डायरीला नोंद करून तपास सुरू केला. मात्र एक गोष्ट मनात राहिली. वस्तू हरवलेला माणूस आधी चिडतो, मग शेजाऱ्यांवर संशय घेतो. तात्यांनी यातलं काही केलं नाही. पावती घेतली, नीट घडी करून खिशात ठेवली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी खबर आली. तात्यांच्या मळ्याशेजारी ऊसतोड मजुरांचा तळ होता. त्यातला एक जण तात्यांच्या घरात येता-जाता दिसतो, असं खबऱ्याचं म्हणणं. गावात काही हरवलं की पहिलं बोट तळाकडे जातं, हे मला माहीत होतं. तरी खबर तपासावी लागते. मजुराला बोलावून घेतलं. तिशीचा, काटक माणूस. आला तो कोयता बाहेर ठेवून.

"घरात कशाला जातोस?"

"पाण्याला, साहेब. म्हातारबाबा आडवत न्हाईत."

"बोल्ट कुठं ठेवलास?"

त्याला बोल्ट म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. हवालदारांनी रायफल आणून रिकामी जागा दाखवली. तो वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "आख्खी बंदूक ठिवून ह्यो दांडाच न्हेला? त्यानं ऊस तुटतोय व्हय?"

हवालदार हसले. मला मात्र त्या बोलण्यात तपासाची दिशा सापडली. ज्याने हे केलं त्याला रायफल नको होती. ती कुणी चालवू नये, एवढंच हवं होतं.

"तात्यांकडं आणखी कोण येतं?"

"कापडवालं चाचा. रोज डबा घिऊन येत्यात. म्हातारबाबा जेवत न्हाईत तवर उठत न्हाईत. दोगं भांडत्यात बी लई."

मजुराला चहा देऊन तळावर पोचवलं आणि रायफल स्वतः उजेडात धरली. बोल्टच्या रिकाम्या जागेच्या आत, नळीच्या तोंडात खोलवर, पांढऱ्या कोऱ्या मांजरपाटाची पट्टी भरलेली होती. आत धूळ जाऊ नये म्हणून, अगदी निगुतीने. चोर असं करत नाही. पट्टी सरळ रेषेत, एका ओढीत फाडलेली होती. जन्मभर कापड फाडलेल्या हाताचं ते काम होतं.

चाचांचं दुकान बाजारपेठेत होतं. तात्यांच्याच वयाचे, पांढरी दाढी, गळ्यात मोजायची फीत. तरुणपणी दोघं तात्यांच्या वडिलांबरोबर शिकारीला कानडी मुलखात जायचे. मी पट्टी काउंटरवर ठेवली. चाचांनी ती बोटांवर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"त्या बाबाला सोडलं का, साहेब? तळावरच्या?"

"सोडलं."

"आज मीच येणार व्हतो ठाण्यात. त्याच्या डोक्यावर कशाला?"

ते स्टुलावर चढले आणि सर्वांत वरच्या फळीवरचा एक गठ्ठा खाली घेतला. मयताचं कापड. घरात कुणी गेल्याशिवाय त्या गठ्ठ्याला गिऱ्हाईकही हात लावत नाही आणि नोकरही. त्याच्या मधल्या घडीत बोल्ट होता, तेल लावलेला.

"का घेतलात?"

"वहिनी गेल्यावर म्हैन्याभरानं डबा घिऊन गेलो. दसरा न्हाय, खंडेनवमी न्हाय, आन बंदूक बाजंवर. म्हणला, पुसतुय. पुसायचं फडकं कुठं हाय म्हणलं, तर बोलंना." चाचांनी गळ्यातली फीत काढून ठेवली. "गोळ्या कुठं ठिवतो ते मला ठावं न्हाय. दांडा कसा काढायचा ते ठावं व्हतं. त्यो पाणी आणाय आत गेला, तवर काढला. मागनं पिशवीत घालताना पट्टी भरली. हत्यार हाय, खराब व्हऊ ने."

तात्यांनाही बोलावून घेतलं आणि दोघांना ठाण्यात समोरासमोर बसवलं. शस्त्राचा भाग विनापरवाना बाळगणं हा गुन्हा आहे आणि परवानगीशिवाय नेला असेल तर चोरीही. मी हे दोघांसमोर सांगितलं. चाचांची पंचाहत्तरी उलटलेली. आयुष्यात पहिल्यांदा आरोपी म्हणून नाव लागणार होतं.

"दुकान सोडून हितं काय करतूस?" तात्या म्हणाले.

"तुझी वाट बघतुय. डबा गार झाला."

मी विचारलं, "तात्या, बोल्ट यांनी तुम्हाला न विचारता नेला, की तुम्ही सांभाळायला दिला होता? जबाबात तेच येईल."

तात्यांनी टेबलावरचा बोल्ट बघितला. तो अजून त्या कापडातच होता. त्यांनी कापडाचं टोक चिमटीत धरलं.

"कुठल्या गठ्ठ्यातलं रं हे?"

चाचा खिडकीबाहेर बघत राहिले.

तात्यांनी कापडाचं टोक सोडलं आणि म्हणाले, "लिवा साहेब. म्याच दिला व्हता. सांभाळाय. वय झालं, इसरलो."

मी तसंच लिहिलं आणि चाचांना नुसती समज दिली. तात्यांनी सही केली. मी हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्यांदा पिशवी उघडली तवा. पट्टी वळखली." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मग तशीच बांधली, आन च्या टाकला."

मी पुढे काही विचारलं नाही. तात्यांनी त्याच बैठकीत परवाना परत करायचा अर्ज दिला. बोल्टसह रायफल कायमची सरकारजमा झाली. उठताना ते कुरकुरले, "आता खंडेनवमीला काय पुजू?"

"माजी कातर पूज," चाचा म्हणाले. "बंदुकीपरीस जास्त कामाला आलीया."

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम मळ्यावर गेलो. विळा, कोयता, पहार ओळीने मांडलेली आणि मधोमध कापडाची मोठी कात्री, हळदकुंकू लावलेली. चाचा ओसरीवर जेवत होते आणि वरणात मीठ कमी असल्याचं सांगत होते. आता दोघंही नाहीत.

नोकरीत मी खूप चोऱ्यांचा तपास केला. काही वस्तू माणूस जगावा म्हणून नेल्या जातात, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. तेव्हा ते मला समजलं होतं. नीट कळलं ते अलीकडे.

गेल्या श्रावणात माझी पत्नी गेली. घरात पुस्तकं आहेत, दिवस निघतो. झोपेच्या गोळ्यांची बाटली माझ्या कपाटात असायची. दिवस-कार्य आटोपल्यावर ती तिथे दिसली नाही. आता सून जेवणानंतर पाण्याचा पेला आणते, हातावर एकच गोळी ठेवते आणि मी ती घेईपर्यंत शेजारी उभी राहून मुलांच्या शाळेचं काहीतरी सांगते.

बाटली कुठे आहे, याचा मी तपास केलेला नाही.